सही आणि श्वास

समुद्राच्या पोटात शिरून परत येण्याच्या खेळाविषयी आपल्या मंडळींत अलीकडे दोन पंथ निर्माण झाले आहेत. दोन्ही पंथ तावातावाने बोलतात, दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्याला क्षणभर पटते, आणि माझ्या मते दोन्ही पंथ सारखेच चुकतात. पहिला पंथ म्हणतो, "माणसाने फॉर्मवर सही केली, धोका पत्करला, आता पुढे काय होईल ते त्याचे त्याने निस्तरावे." दुसरा म्हणतो, "पैसे मोजले, प्रशिक्षकाच्या स्वाधीन झालो. आता बरेवाईट झाले तर तो आणि त्याला परवानगी देणारे सरकार यांनी पाहून घ्यावे." एकाने सारा भार पर्यटकाच्या गळ्यात अडकवला, दुसऱ्याने प्रशिक्षकाच्या. दोघांची मूळ समजूत मात्र एकच आहे. जबाबदारी म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणारी फाइल. ती पुढे सरकली की आपले टेबल रिकामे, असे दोघेही धरून चालतात. सरकारी कचेरीत ही समजूत कितपत चालते हा वादाचा विषय होईल. पाण्याखाली ती मुळीच चालत नाही, एवढेच दाखवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न मूठभर हौशी साहसवीरांपुरता असता तर या पानांवर त्याला जागा मागण्याचे कारण नव्हते. परंतु केंद्र सरकारच्या नोकरांना होम टाऊन एलटीसीच्या बदली अंदमानला विमानाने जाण्याची जी खास मुभा गेली काही वर्षे मिळत आली, तिच्यामुळे दिल्ली, नागपूर, भोपाळ, हैदराबाद अशा ठिकठिकाणच्या मराठी कुटुंबांची इकडे रीघ लागली आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी बाजार, आणि तिसऱ्या दिवशी ज्याचे नाव २०१८ साली स्वराज द्वीप झाले त्या हॅवलॉक बेटावर 'स्कूबा', असा जणू क्रमच ठरून गेला आहे. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरही सुटीच्या दिवसांत हेच दृश्य दिसते. पूर्वीचे पोर्ट ब्लेअर आणि २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम् हे माझ्या सध्याच्या नेमणुकीचे ठिकाण. इथल्या फावल्या दिवसांत मी या विद्येचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला; अठरा मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याइतपत तो पुरतो. तज्ज्ञ म्हणवून घेण्याचा माझा मुळीच दावा नाही. पण फॉर्म भरणारा, तो भरून घेणारा आणि खाली गेल्यावर दोघांचे काय होते, हे तिन्ही मी जवळून पाहतो.

प्रथम या खेळाच्या नावाकडे पाहू. 'स्कूबा' हा मूळचा शब्द नव्हे. पाण्याखालच्या स्वयंपूर्ण श्वसनयंत्राच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून तो बनला आहे. त्यातले पहिलेच अक्षर 'स्वयंपूर्ण' या अर्थाचे आहे, आणि ते उगीच आलेले नाही. एकोणिसाव्या शतकातला पाणबुड्या तांब्याचे शिरस्त्राण चढवून उतरत असे आणि त्याला हवा पुरवली जाई ती वरच्या होडीतून, नळीने. होडीवरचा माणूस पंप हाकीत राही तोवर खालचा माणूस जिवंत. तिथे एकाचा जीव खरोखरच दुसऱ्याच्या हातात होता. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमील गान्याँ यांनी जे यंत्र सिद्ध केले त्याने ही नळी तोडली. हवेची टाकी पाण्यात उतरणाऱ्याच्या पाठीवर आली आणि तिच्याबरोबर जबाबदारीही त्याच्याच पाठीवर आली. माशासारखे मोकळे विहरण्याचे जे सुख आज आपण पैसे देऊन विकत घेऊ पाहतो, त्याची खरी किंमत ही आहे.

आता आपल्याकडे पर्यटकांना जी अर्ध्या तासाची डुबकी घडवतात तिच्यात काय होते? प्रशिक्षक मागून टाकीची मान धरतो. किती खोल जायचे, कुठे वळायचे, अंगरख्यात हवा किती भरायची हे सारे तोच ठरवतो. पाहुण्याने फक्त तोंडातल्या नळीतून श्वास घ्यायचा आणि मासे पाहायचे. 'पोहता येत नाही? हरकत नाही!' अशा पाट्या किनाऱ्यावर जागोजाग दिसतात. थोडक्यात, कुस्तोने तोडलेली नळी आपण पुन्हा जोडली आहे. यात मूलतः गैर काही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्याला अर्ध्या तासासाठी प्रवाळाचे जग दाखवायचे तर दुसरा मार्ग नाही. अट एवढीच की पाणी उथळ, प्रशिक्षक जाणता आणि पाहुणे मोजके असावेत. गैर आहे ती या व्यवस्थेतून पाहुण्याने करून घेतलेली समजूत. टाकीची मान प्रशिक्षकाच्या हातात गेली म्हणजे आपले सर्वस्वच त्याच्या हातात गेले, असे तो समजतो. वस्तुतः चार गोष्टी अशा आहेत की जगातला सर्वोत्तम प्रशिक्षकही त्या आपल्या हाती घेऊ शकत नाही.

पहिली गोष्ट श्वास. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. टाकीतून येणारी हवा त्या त्या दाबाची असते. दहा मीटरवर छातीभर श्वास घेऊन एखादा घाबरला आणि तोंड मिटून वर सुटला, तर त्याच्या छातीतली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागू लागते. छाती दुप्पट होत नाही; फुप्फुस फाटते, आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जातात. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. दीड-दोन मीटरचे अंतरही पुरते. म्हणून या विद्येचा पहिला नियम एका ओळीचा आहे : श्वास कधीही रोखू नका. प्रशिक्षक तुमची टाकी धरील, हात धरील. तुमचा श्वास तो कसा सोडणार?

दुसरी गोष्ट कान. प्रमाणाच्या हिशेबाने दाबातली सर्वांत मोठी वाढ पहिल्या दहा मीटरांतच होते आणि ती कानाच्या पडद्याला पहिल्या दोन-तीन मीटरांतच कळू लागते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर घातली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. नाही झाला तर थांबावे, थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही जमले नाही तर डुबकी तिथेच संपवावी. पण ही कळ कोणाला कळते? फक्त ज्याचा कान त्याला. आणि आपला माणूस काय करतो? प्रशिक्षकाला वाईट वाटेल, बायकोमुले हसतील, पैसे फुकट जातील म्हणून दात आवळून खाली जात राहतो. वरिष्ठांपुढे 'नाही' न म्हणण्याची आयुष्यभराची सवय पाण्याखालीही त्याची पाठ सोडत नाही.

तिसरी गोष्ट प्रकृतीची माहिती. डुबकीपूर्वी एक प्रश्नावली देतात : दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, फेफरे येते काय, अलीकडे शस्त्रक्रिया झाली काय, कानाचे दुखणे आहे काय. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ, दिल्लीच्या एका मंत्रालयात विभाग अधिकारी, दम्याचा पंप खिशात बाळगून असतात. मागील हिवाळ्यात ते सहकुटुंब इकडे येऊन गेले. डुबकी आटोपून आल्यावर चहा घेताना त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले, "अहो, सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून टाकले. 'हो' लिहिले असते तर नेलेच नसते ना त्यांनी!" गृहस्थ सुखरूप वर आले होते, आणि नेमके हेच वाईट झाले. कारण आता ते हा मंत्र आपल्या शाखेतल्या प्रत्येकाला देत असतील. हेच गृहस्थ प्रवासभत्त्याच्या बिलात कोणी खोटा किलोमीटर लिहिला तर ते बिल लाल शाईने परत पाठवतील! सरकारच्या दहा रुपयांसाठी जी सचोटी आपण दाखवतो, ती स्वतःच्या फुप्फुसांच्या बाबतीत दाखवू नये काय?

चौथी गोष्ट परतीचे विमान. दाबाखाली श्वसन केले की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. दाब एकाएकी फार कमी झाला तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे बुडबुडे धरतात. पुलांचे पाये खणणाऱ्या कामगारांना याच कारणाने पक्षाघात होत असे. फ्रान्समध्ये पॉल बेर याने १८७८ साली त्याची मीमांसा केली आणि इंग्लंडमध्ये हॉल्डेन याने १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. विमानाच्या कक्षातला दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा बराच कमी असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. आता सकाळी डुबकी, दुपारी बोट आणि संध्याकाळी चेन्नईचे विमान असा बेत आखणाऱ्याने प्रशिक्षकाला तिकीट दाखवले असते काय? दाखवले नाही, तर त्या तिकिटाची जबाबदारी कोणाची?

या चार गोष्टी मी मांडल्या त्या दुसऱ्या पंथाला उत्तर म्हणून. त्या वाचून पहिला पंथ टाळ्या पिटू लागला असेल, तर त्याने जरा थांबावे. 'सही केली म्हणजे धोका पत्करला' हे त्याचे ब्रीद. पण पत्करणे म्हणजे काय? अमेरिकेत शेक एक्सली नावाचा एक पाणबुड्या होऊन गेला. पाण्याने भरलेल्या गुहांत मेलेल्यांच्या एकेका अपघाताचा अभ्यास करून त्याने १९७९ साली एक पुस्तिका लिहिली. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवा, एक-तृतीयांश हवा जाण्यास वापरा आणि दोन-तृतीयांश परतीसाठी राखा, झेपेल त्याहून खोल जाऊ नका, असे तिचे सार. तोच एक्सली १९९४ साली मेक्सिकोतल्या साकातोन या पाण्याने भरलेल्या अथांग विवरात विक्रमी खोली गाठण्याच्या प्रयत्नात मरण पावला. त्याचे साहस कोणाला अविचार वाटेल, कोणाला थोर वाटेल. पण त्याने धोका पत्करला होता यात शंका नाही, कारण त्या धोक्याचे मोजमाप त्याच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. आणि जेटीवर उन्हात उभे राहून, मागची रांग ओरडत असताना, न वाचलेल्या इंग्रजी कागदावर सही करणारा आपला हेडक्लार्क? त्याने धोका पत्करला नाही, त्याने तो पाहिलाच नाही. न पाहिलेल्या वस्तूची पोच दिल्याने ती वस्तू ताब्यात येत नाही, हे भांडार सांभाळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला विचारा.

शिवाय त्या कागदावर नेमके काय पत्करले जाते? समुद्राचे धोके. दुसऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. १९९८ सालच्या २५ जानेवारीला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपे पाण्यात असतानाच त्यांची बोट किनाऱ्याकडे निघून गेली. माणसे मोजली गेली होती. मोजणी चुकली होती. ते दोघे परतलेच नाहीत हे ध्यानात यायला दोन दिवस लागले, आणि तेही त्यांचे सामान बोटीवर तसेच पडलेले दिसले म्हणून. ती दोघे पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. क्वीन्सलँडने त्यानंतर शिरगणतीचे नियम कडक केले. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. 'कन्सेप्शन' ही हौशी पाणबुड्यांची बोट सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेली असताना २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पेटली आणि तळमजल्यावर झोपलेली ३४ माणसे मेली. रात्री फेरी घालणारा पहारेकरी ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. तो ठेवलेला नव्हता. कप्तानाला २०२३ साली दोषी ठरवण्यात आले आणि २०२४ साली चार वर्षांची कैद झाली. या माणसांनी कोणता धोका पत्करला होता? पाण्याखालचा. झोपेत जळून मरण्याच्या धोक्यावर कोणीच सही करीत नसतो. त्यांनी पहारा आहे असे गृहीत धरले होते, आणि तसे गृहीत धरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

कायद्यालाही ही सहीची पळवाट सरसकट मान्य नाही. ब्रिटनच्या १९७७ च्या कायद्यानुसार स्वतःच्या निष्काळजीपणाने घडवलेल्या मृत्यूची वा दुखापतीची जबाबदारी व्यावसायिकाला करारातल्या कलमाने झटकता येत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या १९८६ च्या निकालात, ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून दुर्बल पक्षाला गत्यंतर नसेल तर अन्यायी कलम टिकणार नाही, असे सांगितले. तो वाद नोकरीच्या अटींचा होता, डुबकीचा नव्हे. पण त्यातले तत्त्व आपणा नोकरमाणसांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे.

तेव्हा जबाबदारी कोणाची? माझे उत्तर असे : दोघांचीही, आणि दोघांचीही पूर्ण. अर्धी-अर्धी नव्हे. वाटणी केली की कमी होते ती मालमत्ता. जबाबदारी वाटून कमी होत नाही. यंत्र नीट ठेवणे, हवा शुद्ध भरणे, पाणी पाहून उतरणे, माणसे मोजणे, प्राणवायूची टाकी बोटीवर ठेवणे ही प्रशिक्षकाची पूर्ण जबाबदारी; पाहुण्याने सही केली म्हणून ती एका आण्यानेही घटत नाही. खरे बोलणे, श्वास न रोखणे, कळ येताच थांबणे, विमान उशिराचे धरणे ही पाहुण्याची पूर्ण जबाबदारी. त्याने पैसे मोजले म्हणून तीही घटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : "मग विश्वासाला जागा कुठे राहिली? सारखे तपासत राहायचे तर तो विश्वास कसला?" हा आक्षेप भाबडा आहे. पाणबुड्यांच्या रीतीतच त्याचे उत्तर आहे. यंत्राचे नाव स्वयंपूर्ण असले तरी शिकलेला पाणबुड्या सहसा एकटा उतरत नाही, जोडीने उतरतो. आणि उतरण्यापूर्वी दोघे एकमेकांचे साहित्य तपासतात : अंगरख्यात हवा भरते काय, शिशाचे वजन नीट बांधले आहे काय, पट्टे कसे सुटतात, टाकीची चावी उघडी आहे काय, राखीव मुखनळी कुठे लटकते. वीस वर्षांचे मित्रही हे करतात आणि कोणी म्हणत नाही, 'माझ्यावर विश्वास नाही काय?' कारण त्यांना ठाऊक असते की बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबाने भरलेली हवा मिनिटाला वीस लिटर या हिशेबाने पृष्ठभागावर दोन तास पुरते, आणि वीस मीटरवर केवळ चाळीस मिनिटे. तो काटा दोघांनी पाहिला तरच दोघे वर येतात. आपल्याकडे तपासणी म्हणजे संशय आणि संशय म्हणजे अपमान, असे समीकरण बसून गेले आहे. म्हणून आपण रोखपालाची शिल्लक मोजायला संकोचतो आणि अफरातफर झाली की कपाळाला हात लावतो. जो विश्वास तपासणीला भितो तो विश्वास नव्हे. त्याचे खरे नाव आळस.

त्याच रीतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' असा होत नाही; 'वर चला' असा होतो. हा अंगठा कोणीही, केव्हाही दाखवावा. नवख्याने दाखवला तरी कसलेल्याने वर यावे, आणि कारण विचारू नये. हुद्दा, वय, अनुभव यांपैकी काहीही तिथे आड येत नाही. प्रत्येक अपघातानंतर 'हा खेळच बंद करा' अशी ओरड करणाऱ्यांना मी म्हणतो, खेळ बंद करू नका, हा अंगठा शिकवा. बंदीने माणूस शहाणा होत नाही. तो दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन त्याच न वाचलेल्या कागदावर सही करतो.

शेवटी एका सहीविषयी. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही ही डुबकी घडवतात आणि त्या अज्ञान मुलाच्या वतीने कागदावर सही करतो बाप. स्वतःच्या जिवाशी जुगार खेळण्याचा हक्क मी वादापुरता मान्य करीन; पण या सहीत हक्क नाही, निव्वळ कर्तव्य आहे. ती करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कुठे आहे? एका प्रशिक्षकामागे किती मुले? बोटीवर प्राणवायू आहे काय? काही झाले तर जवळचे इस्पितळ कोणते आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? जो चांगला आहे तो या प्रश्नांनी रागावत नाही, उलट बसायला खुर्ची देतो. जो रागावतो त्याने तुमचे काम सोपे केले. मुलाचा हात धरावा आणि परत फिरावे. मुलगा रडेल, बुडालेल्या पैशांची बायको आठवण करून देईल, सहप्रवासी भित्रा म्हणतील. हे सारे ऐकून घेण्याची तयारी ज्या बापाची नाही, त्याने ती सही करू नये.